वूकॉमर्स : मराठी दुकान-पान अर्धंच उमटतं, इंग्रजी मात्र पूर्ण. दोष थीमचा की सर्व्हरचा? (मंचावरचा धागा, प्रत्येक पोस्टच्या वर सदस्याचं टोपणनाव.)

माजघर

वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर दुकान चालवणारं प्लगइन) कोकणी खाद्यपदार्थांचं दुकान आहे, मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. शेअर्ड होस्टिंगवरून व्हीपीएसवर, म्हणजे स्वतःपुरत्या आभासी सर्व्हरवर, हलवलं आहे. नवीन सर्व्हरवर आल्मालिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि पानं बनवणारं पीएचपी-एफपीएम ८.२ आहे. थीम विकत घेतलेली आहे, वर आपले बदल ठेवायला चाइल्ड थीम.

हलवल्यापासून मराठी दुकान-पान अर्धंच दिसतं. हेडर, बॅनर, मालाच्या काही ओळी येतात आणि खाली पांढरं. फूटर नाही. 'कार्टमध्ये टाका' दाबलं की बाजूची छोटी कार्ट उघडायला हवी, त्याऐवजी अख्खं पान पुन्हा लोड होतं. इंग्रजी दुकान-पान ठीक आहे. मराठीतली 'आमच्याविषयी' आणि 'संपर्क' ही पानंही ठीक आहेत.

थीम काढून पुन्हा टाकली, कॅशे साफ केली, फरक नाही. थीम बनवणारे म्हणतात सर्व्हर बघा, होस्टिंगवाले म्हणतात पान २०० ('सगळं ठीक') कोड देतंय म्हणजे सर्व्हर ठीक आहे.

दुसरी तक्रार, संबंध आहे की नाही ते कळत नाही : काही वस्तूंची नावं कोरी येतात. फोटो आहे, किंमत आहे, नावाची जागा रिकामी. हेही फक्त मराठीत.

पाणंद

थीम आणि सर्व्हर दोन्ही बाजूला ठेवा. पान नेमकं कुठे तुटतंय हे आधी ठरवा. एचटीएमएल सर्व्हरवर बनतानाच थांबतं, की पूर्ण बनून वाटेत कापलं जातं, की ब्राउझरपर्यंत सगळं पोचूनही तिथे मांडलं जात नाही? तिन्ही वेळा डोळ्यांना दिसतं तेच, अर्धं पान. उपाय मात्र एकमेकांशी अजिबात संबंध नसलेले.

डेव्हलपर टूल्समधला एलिमेंट्स टॅब यासाठी बघू नका. ब्राउझर न बंद झालेले टॅग स्वतःच बंद करून दाखवतो, त्यामुळे तुटलेलं पानही तिथे नीट संपल्यासारखं दिसतं. नेटवर्क टॅबमध्ये पहिल्या ओळीवर क्लिक करून रिस्पॉन्स बघा, किंवा सरळ टर्मिनलवरून कर्ल या आज्ञेने पान मागवून फाइलमध्ये साठवा. मग बघायच्या गोष्टी :

१. फाइलच्या शेवटी एचटीएमएलचा बंद होणारा टॅग आहे का?
२. कर्ल मुकाट्याने संपलं, की चूक १८ देऊन थांबलं? ती 'बाकी डेटा यायचा असताना जोडणी बंद झाली' अशा अर्थाची असते. एचटीटीपी/२ वर हीच भानगड चूक ९२ म्हणून दिसते.
३. पाच-सहा वेळा मागवा. प्रत्येक वेळी त्याच अक्षरावर तुटतं, की जागा हलते?

शेवटचा टॅग नाही, कर्लची तक्रार नाही आणि जागा दर वेळी तीच असेल तर पीएचपी मध्येच मेलंय. कर्ल १८ देत असेल आणि जागा हलत असेल तर वेब सर्व्हर किंवा त्याच्या पुढचं काही तरी. टॅग शाबूत असेल तर सर्व्हर सोडा आणि सीएसएस-जावास्क्रिप्टकडे वळा.

२०० कोडवर जाऊ नका. तो हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या आधी जातो. पुढे पान मध्येच मेलं तरी गेलेला कोड परत बोलावता येत नाही.

कळफलक

मराठीत तुटतं आणि इंग्रजीत नाही, यावर मला आधी भाषांतराच्या फाइलचा संशय येतो. विशेषतः जुनं पीएचपी सोडून ८ वर आला असाल तर.

थीममधल्या वाक्यांत आकडा किंवा नाव भरायच्या जागा असतात : टक्क्याचं चिन्ह, एक, डॉलरचं चिन्ह आणि रोमन एस. मराठी कळफलक चालू ठेवून भाषांतर करताना त्या जागेतला रोमन एक जाऊन तिथे देवनागरी एक पडतो. डोळ्यांना खटकत नाही, पण पीएचपीच्या लेखी ती जागा निरर्थक होते. दुसरा प्रकार 'खरेदीवर १०% सूट' असं लिहिण्याचा. अशा वाक्यात टक्का दोनदा लिहावा लागतो, नाही तर पीएचपी पुढच्या 'सू'चा पहिला बाइट सूचना समजून वाचायला जातं. पीएचपी ७ पर्यंत अशा चुकांवर फार तर इशारा यायचा आणि पान पुढे चालायचं. ८ पासून ही थेट फेटल चूक आहे, पान तिथेच संपतं.

आणि ते गुपचूप संपतं. वर्डप्रेस ५.२ पासून (२०१९) 'या संकेतस्थळावर गंभीर त्रुटी' असा संदेश येतो खरा, पण दर्शनी पानावर तो हेडर गेलेले नसतील तरच छापला जातो. पीएचपीचा आउटपुट बफर (पाठवण्याआधी मजकूर साठवायची जागा) बहुतेक ठिकाणी ४०९६ बाइटचा असतो. तेवढा मजकूर झाला की हेडर निघून जातात. मालाच्या तिसऱ्या ओळीत चूक झाली तर संदेश नाही, फूटर नाही, काही नाही.

तपासायचं असं. कॉन्फिग फाइलमध्ये डीबग चालू, डीबग-लॉग चालू आणि डीबग-डिस्प्ले बंद ठेवा, पान एकदा उघडा आणि कंटेंट फोल्डरमधली लॉग फाइल शेवटून वाचा. 'अननोन फॉरमॅट स्पेसिफायर' किंवा 'अमुक आर्ग्युमेंट्स आर रिक्वायर्ड' दिसलं तर चोर सापडला. लॉग बाहेरून कोणालाही उघडता येतो, काम झालं की बंद करून फाइल पुसा.

भाषांतर दुरुस्त करूनही फरक पडला नाही तर त्याच फोल्डरमध्ये एल-टेन-एन.पीएचपी अशा शेवटाची जुळी फाइल आहे का बघा. वर्डप्रेस ६.५ पासून (२०२४) ती असेल तर एमओ या भाषांतराच्या नेहमीच्या फाइलच्या आधी तीच वाचली जाते. फक्त एमओ बदलली तर जुनंच भाषांतर चालू राहतं.

माजघर

दोन्ही तपासलं.

लॉगमध्ये फेटल काहीच नाही, दोन-चार डेप्रिकेटेडचे इशारे फक्त. भाषांतराच्या फाइलमध्ये देवनागरी अंक असलेली एक जागा सापडली, पण ती ऑर्डरच्या ईमेलमधली. तीही नीट केली.

कर्लचं असं : सर्व्हरवरूनच मागवलं तर पान पूर्ण येतं, ३३५ किलोबाइट. घरच्या फायबरवरून बहुतेक वेळा पूर्ण. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून हमखास अर्धं, चूक १८, आणि तुटायची जागा दर वेळी वेगळी. इंग्रजी पान १९० किलोबाइट आहे, ते हॉटस्पॉटवरूनही पूर्ण येतं. क्रोमच्या कन्सोलमध्ये 'इन्कम्प्लीट चंक्ड एन्कोडिंग' आणि त्यापुढे २०० ओके असं लाल अक्षरांत आहे.

उंबरठा

हे पीएचपी नाही आणि थीमही नाही. एनजिनएक्सचा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर आहे. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये (पीएचपीच्या नव्हे) 'क्रिट' असं लिहिलेल्या ओळी शोधा. 'ओपन... फेल्ड (१३ : परमिशन डिनाइड) व्हाइल रीडिंग अपस्ट्रीम' मिळेल. १३ ऐवजी २८ असेल तर डिस्क भरलीय. तेव्हा डीएफ ही आज्ञा दोनदा चालवा, एकदा जागेसाठी आणि एकदा आयनोडसाठी (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदी). जागा ४० टक्के मोकळी असून आयनोड संपलेले असतात, कॅशे प्लगइन लाखभर बारीक फाइली करून ठेवतात त्यामुळे.

आतमध्ये काय होतं ते सांगतो, म्हणजे बाकीची लक्षणं आपोआप जुळतील.

पीएचपी पान झटक्यात बनवून एनजिनएक्सच्या हातात देतं. ग्राहकाचा मोबाइल ते सावकाश घेतो. मधला माल एनजिनएक्स मेमरीतल्या बफरमध्ये ठेवतं. बफर भरले आणि ग्राहक अजून मागेच असेल तर उरलेला भाग डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत लिहितं. ती फाइल उघडता आली नाही की जोडणी तोडतं. म्हणून :

- लहान पान बफरमध्ये मावतं, कधीच तुटत नाही. तुमचं 'आमच्याविषयी' म्हणूनच ठीक.
- मोठं पान वेगवान जोडणीवर पूर्ण जातं, कारण बफर भरायच्या आत रिकामे होतात. सर्व्हरवरून स्वतःलाच मागवलं तर नेहमीच पूर्ण. होस्टिंगवाले तिथूनच तपासतात आणि ठीक म्हणतात.
- मंद जोडणीवर मोठं पान तुटतं आणि जागा हलते, कारण तोवर किती माल पुढे गेला हे त्या क्षणाच्या नेटवर्कवर अवलंबून.

बफर किती आहेत ते बघा. एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये फास्टसीजीआय-बफर्स नावाची ओळ असेल (फास्टसीजीआय म्हणजे एनजिनएक्स आणि पीएचपीमधला दुवा). काही लिहिलेलं नसेल तर ८ बफर, प्रत्येकी ४ किंवा ८ किलोबाइट. तुमचं १९० चं पान वाचतंय त्याअर्थी कोणीतरी वाढवलेले असावेत.

दुसरं, गझिप (पाठवताना पान दाबून लहान करणं) चालू आहे का?

माजघर

बफर १६, प्रत्येकी १६ के. गझिप बंद. आणि लॉगमध्ये अगदी तीच ओळ आहे, १३, परमिशन डिनाइड, शेकड्याने. पण फोल्डर तपासला : व्हार / लिब / एनजिनएक्स / टीएमपी / फास्टसीजीआय. त्याचा मालक बरोबर आहे, एनजिनएक्स ज्या युजरखाली चालतं तोच, ७०० परवानगी. मग अडतंय कुठे?

उंबरठा

१६ गुणिले १६ म्हणजे २५६. इंग्रजी १९० आत, मराठी ३३५ बाहेर. हिशेब बसला.

मालक बरोबर दिसण्याचं कारण : एनजिनएक्स सुरू होताना रूट म्हणून चालतं आणि आपला शेवटचा तात्पुरता फोल्डर कॉन्फिगमधल्या युजरच्या नावावर करून टाकतं. वरच्या फोल्डरांना ते हात लावत नाही. आल्मा, रॉकी आणि रेड हॅट घराण्यात व्हार / लिब / एनजिनएक्स आणि त्यातला टीएमपी हे दोन्ही एनजिनएक्स याच युजरचे असतात, परवानगी ७७०, म्हणजे मालक आणि ग्रुप सोडून इतरांना प्रवेश नाही. तुमच्या कॉन्फिगच्या पहिल्या ओळीत युजर बदललेला असणार. आतली खोली तुमच्या नावावर आहे, पण दाराच्या आत पाऊल टाकायची मुभा नाही.

'नेमआय' ही आज्ञा 'एल' पर्यायासह त्या पूर्ण वाटेवर चालवा. मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दिसेल. अडणारी पायरी लगेच कळते. एलएसने फक्त शेवटचा फोल्डर बघून हा दोष सापडत नाही.

माजघर

बरोबर. युजर बदलून साइटच्या फाइलींचा जो मालक आहे तोच केलेला आहे. वरचे दोन्ही फोल्डर एनजिनएक्स / रूट, ७७०. आता चोन (मालक बदलायची आज्ञा) करून टाकू का सगळं नवीन युजरला?

उंबरठा

चालेल, पण टिकणार नाही. एनजिनएक्सचं पॅकेज अपडेट झालं की व्हार / लिब / एनजिनएक्सची मालकी पॅकेजमध्ये लिहिल्याप्रमाणे परत येऊ शकते. महिन्या-दोन महिन्यांनी एका रात्री अपडेट होतं, सकाळी पुन्हा अर्धं पान, आणि तोवर हा धागा कोणाच्या लक्षात नसतो.

पसंतीच्या क्रमाने सांगतो.

पहिला मार्ग : एनजिनएक्सचा युजर पुन्हा एनजिनएक्स करा. साइटच्या मालकाचं नाव पीएचपी-एफपीएमच्या पूलमध्ये (पीएचपीच्या कामगारांचा गट) असू दे, तिथेच ते हवं असतं, कारण वर्डप्रेसला फाइली लिहायच्या असतात. एनजिनएक्सला फक्त वाचायचं असतं. त्यासाठी एनजिनएक्स युजरला साइटच्या ग्रुपमध्ये घाला, फोल्डर ७५०, फाइली ६४०. पूलच्या सॉकेटवर (एनजिनएक्स ज्यातून पीएचपीशी बोलतं ते दार) एनजिनएक्सला लिहिण्याची परवानगी आहे ना ते पूलच्या फाइलीत बघा, नाही तर अर्ध्या पानाच्या जागी ५०२ येईल. ग्रुप बदलल्यावर रीलोड पुरत नाही असं वाटलं तर सरळ रीस्टार्ट करा.

दुसरा : युजर तोच ठेवायचा असेल तर फास्टसीजीआय-टेम्प-पाथ स्वतःच्या वेगळ्या फोल्डरवर वळवा. आल्मावर एसईलिनक्स (परवानग्यांवरचा दुसरा पहारा) चालू असतो, नव्या फोल्डरला योग्य लेबल दिलं नाही तर परवानगी बरोबर असूनही तोच १३ येतो. एलएसला मोठा झेड लावून लेबल बघता येतं.

तिसरा : फास्टसीजीआय-मॅक्स-टेम्प-फाइल-साइझ शून्य. मग डिस्कवर लिहिणंच बंद. पान पूर्ण जातं, पण मंद ग्राहक शेवटचा बाइट घेईपर्यंत पीएचपीचा एक कामगार त्याच्यासाठी अडकून राहतो. पूलमध्ये १० कामगार असतील आणि डोंगरकपारीतून १० जण एकदम दुकान उघडत असतील तर अकरावा ताटकळतो. छोट्या दुकानाला मी हे सुचवणार नाही.

नुसते बफर वाढवणं हा उपाय नाही. उद्या पानावर आणखी १२ वस्तू लावल्या की पुन्हा तेच.

गझिपचं मुद्दाम विचारलं होतं. गझिप चालू केलं तर दोष बहुतेक वेळा नाहीसा झाल्यासारखा वाटेल. ३३५ किलोबाइटचं पान दाबल्यावर खूप लहान होतं आणि एनजिनएक्स बफर पटापट रिकामे करतं. गझिप चालू करायलाच हवं, पण परवानगी दुरुस्त करून हॉटस्पॉटवरून पान पूर्ण आलेलं बघितल्यानंतर. आधी केलंत तर दोष झाकला जाईल आणि एखाद्या मोठ्या ऑर्डर-यादीवर किंवा एक्स्पोर्टवर पुन्हा डोकं वर काढेल.

रानजाई

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी : मराठी पान इंग्रजीपेक्षा १४५ किलोबाइटने मोठं कसं, हाही प्रश्न आहे. परवानगी नीट झाली तरी मोबाइलवरच्या ग्राहकाला तेवढा डेटा उतरवावाच लागतो.

यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षर १ बाइट आणि देवनागरी ३ बाइट. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त प्रत्येक वेगळा, प्रत्येकी ३. त्यामुळे 'क्ष' हे एक अक्षर ९ बाइटचं. पण पान फुगतं ते मुख्यतः मजकुरामुळे नाही. दोन जागा बघा.

एक, लिंका. मराठी स्लग (पत्त्यातलं वस्तूचं नाव) पत्त्यात टक्के-संकेतात जातो, तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ९ अक्षरं खातं. १५ चिन्हांचा स्लग १३५ अक्षरांचा होतो, आणि एका वस्तूच्या चौकटीत तीच लिंक दोन-तीनदा असते. मेन्यू तर बहुतेक थीम दोनदा छापतात, मोठ्या पडद्यासाठी आणि मोबाइलसाठी वेगळा. शिवाय वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये स्लगची मर्यादा संकेतासकट २०० अक्षरं आहे, म्हणजे देवनागरीची २२ चिन्हं. लांब नावाचा स्लग मध्येच कापलेला दिसतो तो त्यामुळे. स्लग रोमनमध्ये ठेवा, नाव मराठीत राहू दे. चालू दुकानात बदलत असाल तर जुन्या पत्त्यांवरून ३०१ वळवणी तपासून घ्या.

दोन, 'झटपट दर्शन'. बऱ्याच थीम प्रत्येक वस्तूचं वर्णन जेसनमध्ये (माहिती लिहायचा एक साचा) घालून पानातच लपवतात. पीएचपी जेसन बनवताना देवनागरी चिन्ह सहा अक्षरांच्या संकेतात लिहितं. ४०० चिन्हांचं वर्णन असेल, त्यातल्या जागा वगळून ३४० धरा, तर एका वस्तूमागे २ किलोबाइट. पानावर ४८ वस्तू म्हणजे ९६ च्या पुढे, आणि त्यातली बहुतेक वर्णनं कोणी उघडतही नाही. थीमच्या सेटिंगमध्ये 'झटपट दर्शन' बंद करा किंवा क्लिक केल्यावर एजॅक्सने येईल असं ठेवा. पानावर ४८ ऐवजी २४ वस्तू लावल्या तरी फरक पडतो.

माजघर

पहिला मार्ग केला. हॉटस्पॉटवरून पान पूर्ण येतंय, कर्लची तक्रार नाही, एरर लॉग शांत. त्यानंतर गझिप चालू केलं. 'झटपट दर्शन' एजॅक्सवर टाकल्यावर पान २३० किलोबाइटवर आलं.

कोरी नावं मात्र तशीच आहेत. 'कोकम सरबत' कोरं, 'आमसूल' दिसतं, 'मूग डाळ लाडू'चं नुसतं 'मूग डाळ' दिसतं. यात काही सूत्र लागत नाही.

कळफलक

सूत्र आहे, आणि तुमच्या तीन उदाहरणांत ते पूर्ण दिसतंय. थीम नाव २० वर कापतेय, आणि ती कापताना अक्षरं नाही, बाइट मोजतेय. पीएचपीचं 'सबस्ट्र' फंक्शन बाइट मोजतं.

'आमसूल' : पाच चिन्हं, १५ बाइट. विसाच्या आत, कापलंच जात नाही.

'कोकम सरबत' : 'कोकम' १२, जागा १, झाले १३. उरले ७. त्यात 'स' आणि 'र' पूर्ण मावतात आणि 'ब'चा एकच बाइट आत येतो. तुटका 'ब'.

'मूग डाळ लाडू' : ९, जागा १, ९, जागा १. बरोबर २० वर जागेनंतर काप पडतो. काही तुटत नाही, म्हणून उरलेलं नाव दिसतं.

तुटक्या अक्षराने अख्खं नाव का जावं? थीम कापलेलं नाव वर्डप्रेसच्या एस्क-एचटीएमएल या मजकूर सुरक्षित करणाऱ्या फंक्शनमधून छापते, आणि ते योग्यच करते. त्या फंक्शनला मजकुरात एकही अवैध बाइट सापडला तर ते सुरक्षिततेसाठी पूर्ण मजकूर टाकून रिकामं उत्तर देतं. इंग्रजीत प्रत्येक अक्षर एका बाइटचं, कुठेही कापा, अवैध होत नाही. त्यामुळे थीम बनवणाऱ्याला हा दोष कधी दिसलाच नसेल.

थीमच्या वूकॉमर्स फोल्डरमध्ये, किंवा फंक्शन्स फाइलीत, 'सबस्ट्र' आणि 'गेट-द-टायटल' एका ओळीत शोधा. ती फाइल चाइल्ड थीममध्ये त्याच वाटेवर कॉपी करून तिथे बदला, मूळ थीममध्ये नको.

'सबस्ट्र'च्या जागी 'एमबी-सबस्ट्र' घातलं की तुटका बाइट जातो. सर्व्हरवर एमबीस्ट्रिंग (ते फंक्शन पुरवणारा पीएचपीचा भाग) नसेल तरी चालतं, वर्डप्रेस त्या फंक्शनचा पर्याय स्वतः देतो. पण हे चिन्हं मोजतं, आपण वाचतो ती अक्षरं नाही. 'आंब्याचं' मध्ये हलन्तावर काप पडला तर 'आंब्' असं लंगडं दिसतं.

रानजाई

म्हणून पीएचपीत कापूच नका. नाव पूर्ण छापा आणि दोन ओळींत बसवण्याचं काम सीएसएसच्या लाइन-क्लॅम्पवर सोपवा. शोधयंत्रांना आणि वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला पूर्ण नाव मिळतं.

ते करताना लाइन-हाइट वाढवा. परदेशी थीममध्ये शीर्षकाची लाइन-हाइट १.२ च्या आसपास असते. लाइन-क्लॅम्पसोबत ओव्हरफ्लो-हिडन येतं, आणि 'कुळीथ'चा उकार किंवा 'पोळी'ची वेलांटी कापली जाते. १.५ ते १.६ ठेवा आणि 'कुर्ल्या', 'र्‍हस्व', 'ट्रॅ' असे वर-खाली दोन्हीकडे जाणारे शब्द टाकून मोबाइलवर बघा.

ओटी

आमच्याकडे एचटीएमएल पूर्ण येतं, शेवटचा टॅगही आहे, तरी अर्धं दिसतं. मेन्यू उघडत नाही, वस्तूंच्या जागी राखाडी चौकोन. इथेच विचारतो.

पाणंद

मग तुम्ही तिसऱ्या प्रकारात आहात, पान पोचूनही ब्राउझरमध्ये मांडलं जात नाही तो. कन्सोल उघडा आणि सगळ्यात पहिली लाल ओळ वाचा, शेवटची नव्हे. खालच्या बहुतेक त्या पहिलीच्या लेकी असतात.

'जेक्वेरी इज नॉट डिफाइन्ड' असेल तर वेग वाढवणाऱ्या प्लगइनने जेक्वेरी (थीम जिच्यावर चालते ती जावास्क्रिप्ट लायब्ररी) उशिरा लोड करायला लावलीय आणि थीमची स्क्रिप्ट तिच्या आधी धावतेय. प्लगइनच्या वगळणीच्या यादीत जेक्वेरी घाला. 'अमुक इज नॉट अ फंक्शन' असेल आणि थीम २०२० च्या आधीची असेल तर वर्डप्रेसने ५.५ मध्ये जेक्वेरी मायग्रेट (जुन्या पद्धती चालू ठेवणारी जोड) बंद केलं आणि ५.६ मध्ये जेक्वेरी ३.५.१ आणली, तिथे जुन्या पद्धती गळाल्या. मायग्रेट चालू करणारं प्लगइन तात्पुरतं चालतं, खरा उपाय थीम अपडेट.

'माइम टाइप टेक्स्ट/एचटीएमएल' म्हणून स्टाइल नाकारलेली दिसली तर फाइलच जागेवर नाही आणि तिच्याऐवजी ४०४ चं पान आलंय. कॅशे प्लगइनने एकत्र केलेली सीएसएस पुसली गेली आणि कॅशेतलं जुनं एचटीएमएल अजून तिचंच नाव घेतंय. प्लगइन, सर्व्हर आणि सीडीएन (फाइली ग्राहकाच्या जवळून पोचवणारी सेवा) अशा तिन्ही ठिकाणची कॅशे याच क्रमाने साफ करा. उलट क्रमाने केलं तर सीडीएन पुन्हा जुनंच उचलतो.

'मिक्स्ड कंटेंट' असेल तर पत्ते एचटीटीपीने साठवलेत. डेटाबेसमध्ये साधं शोधा-बदला करू नका. थीमच्या सेटिंग्ज सिरियलाइज केलेल्या असतात, प्रत्येक मजकुराशेजारी त्याची लांबी लिहिलेली असते. एचटीटीपीएसचा एक एस वाढला की लांबी चुकते आणि ती पूर्ण सेटिंग वाचता येत नाही. डब्ल्यूपी-सीएलआयचं (टर्मिनलवरून वर्डप्रेस चालवायचं साधन) सर्च-रिप्लेस लांबी सांभाळतं. आधी ड्राय-रन, म्हणजे काही न बदलता नुसती चाचणी.

राखाडी चौकोनांवरून वाटतं की चित्रं नंतर लोड करणारी स्क्रिप्ट धावलेलीच नाही. पहिली लाल ओळ इथे टाका.

ओटी

पहिली ओळ जेक्वेरीचीच होती. वगळणीत घातल्यावर मेन्यू आणि फोटो आले. मात्र पाच-सहा फोटो अजून ४०४ आहेत. फाइलींची नावं मराठीत आहेत.

पाणंद

झिप करून साइट हलवली असेल तर उघडताना देवनागरी नावांचा एन्कोडिंग बदलून चित्रविचित्र अक्षरं झालेली असणार. अपलोड्स फोल्डरमध्ये बघा. पाच-सहाच असतील तर रोमन नावं देऊन पुन्हा अपलोड करणं सोपं. जास्त असतील तर जुन्या सर्व्हरवरून आरसिंकने आणा, ते नावं जशीच्या तशी ठेवतं.

लगबग

शॉपिफायवर असंच, कलेक्शनच्या पानावर ५० च वस्तू येतात, पुढच्या नाहीत. कन्सोल स्वच्छ आहे.

रानजाई

तो दोष नाही, मर्यादा आहे. शॉपिफायच्या लिक्विडमध्ये (थीम लिहायची भाषा) फॉर-लूप ५० फेऱ्यांवर थांबतो. कलेक्शनचा लूप पॅजिनेट टॅगमध्ये गुंडाळा आणि खाली पानांचे दुवे द्या. तिथे एका जेसन टेम्प्लेटमध्ये २५ सेक्शन आणि एका सेक्शनमध्ये ५० ब्लॉक अशीही मर्यादा आहे, मुखपृष्ठ लांब करत गेलात तर तीही आडवी येते.

माजघर

नावं पूर्ण दिसू लागली. टेम्प्लेटमध्ये काप २० चाच होता, काढून लाइन-क्लॅम्प घातला, लाइन-हाइट १.५५. वूकॉमर्सच्या स्टेटस पानावर खाली टेम्प्लेट्सच्या यादीत दोन फाइली 'जुन्या' म्हणून लाल दिसतात, त्या आता थीमवाल्यांना कळवतो.

एकच विचारायचं राहिलं. होस्टिंगवाल्यांची देखरेख फक्त २०० बघते. पान अर्धं गेलं तर कळावं कसं?

उंबरठा

सर्व्हरच्या बाहेरच्या एखाद्या मशीनवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारं साधन) दर १५ मिनिटांनी कर्ल लावा. मराठी दुकान-पान मागवायचं, पत्त्यापुढे बदलता आकडा जोडून, म्हणजे कॅशेतलं येणार नाही. दोन गोष्टी तपासायच्या : कर्लचा शेवटचा कोड शून्य आहे का, आणि मजकुरात एचटीएमएलचा बंद होणारा टॅग आहे का. दोन्हींपैकी एक चुकलं तर ईमेल. वेगवान मशीनवरून मंद ग्राहकाचा दोष पकडायला कर्लचा लिमिट-रेट पर्याय ८ के वर ठेवून बघा. मधल्या सॉकेट बफरमध्ये बराच माल मावतो म्हणून तो दर वेळी पकडेलच असं नाही. त्यामुळे तिसरी तपासणी सर्व्हरवरच ठेवा : एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये 'क्रिट' ही ओळ आली की ईमेल. पॅकेज अपडेटनंतर मालकी पुन्हा बदलली तर ती तिथे पहिल्या मोठ्या पानालाच दिसेल.